चौघांपैकी आमच्या गल्लीचा कोण, तेवढं सांगा

सोलापूर महापालिकेचा निकाल लागला, गुलाल उधळून झाला. 102 पैकी बहुतांश जागा एकट्या भाजपकडे गेल्या. कुणाची लाट होती, कुणी कुणाला पाडलं, यावर सगळे लिहितायत. मला एकच मागणी मांडायची आहे. एका प्रभागातून निवडून आलेल्या चौघांनी प्रभागातल्या गल्ल्या आपसांत वाटून घ्याव्यात आणि कुठली गल्ली कुणाची, हे लोकांना लेखी द्यावं.

2017 ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखांवर तारखा. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारीच्या आत निवडणुका उरका म्हणून बजावलं, तेव्हा कुठे ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. मधल्या काळात बजेट प्रशासनानेच मांडायचं आणि प्रशासनानेच मंजूर करायचं. सभागृहात उभं राहून "हा खर्च कशापायी?" असं विचारायला एकही माणूस नव्हता.

आणि उमेदवारी अर्ज माघारीच्या वादातून याच शहरात एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. नगरसेवकपदासाठी माणूस मारला जातो, हे विसरून जल्लोष करणं मला जमलं नाही.

आता पाण्याचं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. उजनी भरली की पेपरात फोटो येतात, पण आमच्या नळाला त्याने काही फरक पडत नाही. धरण शंभरेक किलोमीटरवर. समांतर जलवाहिनीची वाट बघण्यात कितीतरी वर्षं गेली. आणि शहरापर्यंत पाणी आलं तरी पुढे टाक्या, जुन्या लाइनी, गळती हे सगळं आहेच. आमच्याकडे पाण्याची पाळी कधी रात्री दीडला, कधी पहाटे चारला. चावीवाल्याला फोन लावायचा, तो म्हणणार "टाकी भरली नाही ताई". मग घागरी, पिंप, बादल्या ओळीने मांडून बायका उंबऱ्यावर बसून राहतात. वरच्या अंगाच्या लोकांनी मोटार लावली की खालच्या घरांत नुसती हवा येते. हद्दवाढ भागात तर याहून वाईट. ती गावं 1992 ला शहरात घेतली, आणि तिथल्या कित्येक वसाहती अजून टँकरवर आहेत.

ही तक्रार न्यायची कुणाकडे? इथेच चार सदस्यांच्या प्रभागाची खोड आहे. शहरात 26 प्रभाग, त्यातले 24 चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. मागच्या खेपेला आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं, घाण पाणी दारापर्यंत आलं. पहिल्या नगरसेवकांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, दुसरे म्हणाले तो भाग बाईंचा, बाईंच्या घरी गेलो तर त्यांचे यजमान बोलायला बाहेर आले. बाई आतच. शेवटी गल्लीने वर्गणी काढून माणूस लावला.

मतदानाच्या दिवशी माझ्यापुढे पूर्व भागातल्या एक आजी होत्या, तेलुगू बोलणाऱ्या, हात विडी वळून वळून पिवळे पडलेले. त्यांनी एक बटण दाबलं आणि निघाल्या. "आजी, अजून तीन दाबा, मशीन वाजलं नाही अजून." आजी परत फिरल्या आणि उरलेली तीन बटणं पटापट दाबून मोकळ्या झाल्या. त्या तिघांची नावं त्यांना माहीत असतील असं मला नाही वाटत. त्यात त्यांचा काय दोष? प्रचारात चौघांचा एकच फोटो, एकच रिक्षा, एकच गाणं.

2017 ला भाजपच्या 49 जागा होत्या, बहुमताला तीन कमी. वर त्यांच्याच विजयकुमार आणि सुभाष या दोन देशमुखांच्या गटांची ओढाताण अख्ख्या शहराने पाहिली. कामं अडली की त्याचं कारण पुढे केलं जायचं. आता ती सबब उरलेली नाही. राज्यात तुम्ही, दिल्लीत तुम्ही, पालिकेतही तुम्हीच. विरोधी बाकांवर मोजकी माणसं आहेत, ती ओरडून किती ओरडणार? म्हणून विचारायचं काम आपल्यालाच करावं लागेल. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांवर बोलायचं. आमच्या भागात ती झालेली मी आजवर पाहिली नाही.

तर चौघांनी नाव, फोन नंबर आणि वाटून घेतलेल्या गल्ल्या असा फलक झोन ऑफिसबाहेर लावावा. पाण्याचं वेळापत्रक त्याच फलकावर असावं. महिला नगरसेविकेचा नंबर तिचाच हवा, नवऱ्याचा किंवा दिराचा नको. याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही.

येत्या रविवारी आमच्या गल्लीतल्या बायका या मागणीचा अर्ज घेऊन चौघांच्याही घरी जाणार आहोत, सह्या गोळा करणं चालू आहे. तुमच्या प्रभागात कुणी जाणार असेल तर खाली लिहा, अर्जाचा मजकूर पाठवते. पूर्व भागासाठी तेलुगूतून आणि नई जिंदगी भागासाठी उर्दूतून कुणी करून दिला तर फार बरं होईल.