वाहक असणे म्हणजे नकार नव्हे

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयात चार दिवस काढून मी नेदरलँड्सला परतलो आणि महिन्याभरातच शस्त्रक्रियेसाठी इथे दाखल झालो. आधीच्या दोन महिन्यांत परदेशी रुग्णालयात चोवीस तासांहून अधिक राहिलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवून प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू त्याच्या अंगावर वा आतड्यात आहेत का, हे पाहण्यासाठी त्याचे नमुने तपासायचे, असा इथला नियम होता; झगा आणि हातमोजे घातल्याशिवाय परिचारिका आत येत नसे. तेव्हा मला तो माझ्या देशाचा अपमान वाटला होता. आज चुलतभावाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाआधी हीच तपासणी करावी की नाही यावर घरात वाद चालू असताना मी तिच्या बाजूने उभा आहे.

विरोधकांचे म्हणणे पोकळ नाही. भारतातील आपल्या मोठ्या रुग्णालयांत कार्बापेनेम या राखीव, जोरकस गटाच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू इतके पसरले आहेत की ‘सापडणारच, मग शोधायचे कशाला?’ असे डॉक्टरही विचारतात. डच पद्धत मोजक्या वाहकांना, म्हणजे आजारी नसतानाही असा जंतू बाळगणाऱ्यांना, वेगळे ठेवण्यावर उभी आहे. तेवढ्या स्वतंत्र खोल्या आपल्याकडे नाहीत, त्यामुळे तिची नक्कल मलाही मान्य नाही.

परंतु प्रत्यारोपणात या तपासणीचा हेतूच निराळा आहे. आतड्यात निमूटपणे राहणारा क्लेब्सिएला हा जंतू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. मात्र नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, तेव्हा तोच जंतू रक्तात उतरू शकतो. कल्चरचा, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातलेच औषध देत राहिले, तर हाती असलेला वेळ वाया जातो. जंतूकडे कार्बापेनेम निकामी करणारे एनडीएम (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे विकर असल्यास सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम हे प्रतिजैविक एकट्याने पुरत नाही, जोडीला अ‍ॅझट्रिओनाम हे दुसरे प्रतिजैविक लागते. हे आधी कळलेले असेल, तर ताप चढताच योग्य औषध निवडता येते. काकूंना भीती वाटते की जंतू सापडला तर शस्त्रक्रियाच रद्द होईल; पण वाहक असणे एवढ्यावरून प्रत्यारोपण नाकारले जात नाही, हे त्यांना शांतपणे सांगायला हवे.

एनडीएम या नावातील ‘नवी दिल्ली’वरून 2010 साली आपल्याकडे मोठा संताप उसळला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकात नोंदवले होते की, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये हेच विकर आढळले. नावाच्या भांडणात हा घरचा इशारा मागे पडला, याची मला आजही खंत वाटते.

भावाला मूत्रपिंड काकूच देणार असल्याने शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरली आहे, म्हणजे तपासणीला वेळ आहे. मात्र डायलिसिससाठी त्याच्या आठवड्यातून तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत नवा जंतू मिळण्याची शक्यता असते. म्हणून गुदमार्गातील नमुना आता एकदा घ्यावा आणि भाऊ दाखल होईल त्या दिवशी पुन्हा घ्यावा, असे मी त्याच्या डॉक्टरांना कळवले आहे.