सोनोग्राफीचा बाण

पोटाच्या सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन आणि लघवी रोखून धरून यावे, अशी मला सूचना होती. मोठ्या रुग्णालयात ही दुसरी अट पाळायची, तर खोली लवकर सापडणे भाग होते, आणि ती जबाबदारी भिंतीवरच्या निळ्या बाणांकडे होती.

शाळेत आपण बाण, तीर, शर, सायक असे समानार्थी शब्द घोकतो. पुढे रामबाण औषध भेटते, जिव्हारी लागणारे वाग्बाण भेटतात, आणि दिवाळीत बाटलीत उभा करून पेटवलेला बाण हमखास समोरच्यांच्या गॅलरीत शिरतो. या सर्वांत बाण धावतो आणि माणूस जागच्या जागी असतो. रुग्णालयात मात्र बाण भिंतीला निवांत चिकटलेला असतो आणि धावावे आपल्याला लागते.

पहिला बाण उजवीकडे होता, दुसरा डावीकडे. तिसऱ्याचे टोक वर होते. याचा अर्थ 'सरळ जा' की 'वरच्या मजल्यावर जा', यावर आम्हा नवराबायकोचे एकमत होईना. मी जिना चढलो. वर प्रसूतिकक्ष निघाला, आणि तिथल्या सिस्टरने माझ्या तट्ट फुगलेल्या पोटाकडे ज्या नजरेने पाहिले, तीही बाणाहून कमी नव्हती. खाली येऊन सरळ गेलो, तर चौथ्या बाणाच्या टोकावरच कोणीतरी 'कान-नाक-घसा विभाग गुरुवारी बंद' असा कागद डकवला होता. टोक झाकलेला बाण म्हणजे नुसती रेघ. ती दोन्हीकडे जाते.

हताश होऊन बाकावर टेकलो, तर नेमक्या नको त्या कथा आठवू लागल्या. वाळकेश्वरला रामाने बाण मारला आणि बाणगंगा उसळली. शरशय्येवरच्या भीष्मांसाठी अर्जुनाने बाण मारला, तेव्हाही जमिनीतून पाण्याची धार फुटली. बाण आणि पाणी यांचे आपल्याकडे इतके जुने नाते असेल, असे मला त्यापूर्वी कधी जाणवले नव्हते.

"काका, बाण कशाला बघत बसता? विचारायचं ना कुणाला," असे म्हणत वॉर्डबॉयने मला समोरच्याच दारात नेऊन सोडले. आतल्या बाईंनी पोटावर यंत्र फिरवून पडद्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "अजून भरलेलं नाही. दोन ग्लास पाणी पिऊन या. बाहेर कूलरचा बाण आहे."