सूर्य विझत आलाय म्हणून विदर्भ तापतोय?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की आमच्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सूर्याचं इंधन संपत आलंय, विझताना दिवा मोठा होतो तसा तो भडकलाय, म्हणून अकोला-चंद्रपूरचा पारा ४७ वर जातो, पृथ्वीही त्याच्याकडे ओढली जातेय, लवकरच त्याचा स्फोट होऊन कृष्णविवर होणार, आणि हे नासानेच मान्य केलंय. पारावरची जाणती माणसंही "सूर्यच म्हातारा झाला बाप्पा, आता कोन काय करन" असं म्हणू लागतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी इंधनाचं बघू. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. हा आकडा हवेतून आलेला नाही. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी घट्ट झालेले कण काही उल्कांमध्ये आजही सापडतात, आणि त्यांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून त्यांचं वय मोजता येतं. सूर्याच्या गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानात, दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जा बनून बाहेर पडतं. ऐकून छाती दडपते खरी. पण सूर्य वजनाने पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट आहे. याच हिशेबाने गाभ्यातला हायड्रोजन अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. सूर्य ऐन मध्यम वयात आहे.

दिव्याची उपमा मात्र अगदीच खोटी नाही, म्हणून तर ती लोकांना पटते. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसेल, आणखी तापेल, आणि बाहेरचे थर फुगत जातील. शेवटी सूर्य आजच्या दोनशेपटींहून मोठा तांबडा राक्षसी तारा होईल. बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वी वाचेल की नाही यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. ती वाचली तरी तिच्यावर पाणी नसेल, कारण सूर्याचं तेज दर १०० कोटी वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी वाढतंय आणि साधारण १०० कोटी वर्षांनंतरच समुद्र टिकणं कठीण आहे. आता हीच वाढ आपल्या पणजोबांपासून आपल्यापर्यंतच्या काळाला लावून बघा. ती इतकी सूक्ष्म आहे की कुठल्याच उपकरणाला कळणार नाही, मग उन्हाळ्याला कशी कळेल?

स्फोटाच्या मुद्द्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नाही. मे महिन्यात रात्री अंगणात खाट टाकून वर पाहा. नऊ-दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर एक नारिंगी तेजस्वी तारा दिसतो, तो स्वाती. त्याचं वस्तुमान जवळपास सूर्याइतकंच, वय सूर्यापेक्षा बरंच जास्त. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय आणि तो फुगून सूर्याच्या सुमारे २५ पट रुंद झालाय. सूर्याचं पुढचं रूप आपल्याला रोज रात्री दिसतंय! आग्नेयेकडे लालसर ज्येष्ठा उगवते. तिचं वस्तुमान सूर्याच्या दहापटींहून जास्त, आणि स्फोट व्हायचा तो अशा ताऱ्यांचा होतो. त्यासाठी जन्मतः सूर्याच्या किमान आठपट वस्तुमान लागतं. सूर्य बाहेरचे थर हळूहळू सोडून देईल आणि मागे आकाराने पृथ्वीएवढा पण अतिशय दाट गोळा उरेल, त्याला श्वेत बटू म्हणतात. श्वेत बटूचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली इंग्लंडला जाताना जहाजावरच मांडायला सुरुवात केली होती, वयाच्या १९ व्या वर्षी. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सूर्याचा श्वेत बटू त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही हलका असेल, म्हणजे तो आणखी कोसळणार नाही. कृष्णविवराचा प्रश्नच येत नाही.

पृथ्वी सूर्याकडे ओढली जातेय, हेही चूक. ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत, आपण शेकोटी पेटवतो तेव्हा. जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ.

मग विदर्भ का तापतो? मेच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. नवतपा याच दिवसांतला. समुद्र दूर, वायव्येकडून कोरडे वारे येतात, वावरं उघडी पडलेली. मातीत ओल असती तर ती वाळवण्यात बरीच उष्णता खर्ची पडली असती. आता ती थेट हवेला मिळते. हे पूर्वीपासूनच आहे. त्यात भर पडलीय कोळसा आणि तेल जाळून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडची. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजताहेत. ११ वर्षांच्या चक्रात ते जेमतेम ०.१ टक्का वरखाली होतं, त्यात चढता कल नाही. सूर्य भडकला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड झालाय आणि खालचा तापलाय. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरात ५६ अंशांची नोंद गाजली, तीही सेन्सरमधल्या बिघाडामुळे असल्याचं हवामान खात्याने सांगितलं होतं.

मला या मजकुराचा राग येतो तो इथे. सूर्यच मरायला टेकला म्हटलं की तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईसाठी सावली मागणं, वखरणीवरच्या सालदाराला दुपारची सुट्टी मागणं, रस्त्याकडेची कडुनिंबं तोडणाऱ्याला जाब विचारणं, सगळंच फिजूल वाटू लागतं. ऊन लागून माणसं जातात ती सावलीवाचून, पाण्यावाचून, आणि दवाखाना दूर असल्यामुळे.

राहिलं नासाचं. २०२३ च्या फेब्रुवारीत सूर्याच्या उत्तर ध्रुवाजवळ तप्त वायूची एक शलाका सुटून फिरताना दिसली, तेव्हा "सूर्याचा तुकडा पडला" अशा बातम्या झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नासाने जाहीर केलं ते एवढंच, की सूर्य त्याच्या ११ वर्षांच्या चक्राच्या शिखरावर आलाय, म्हणून डाग आणि सौरज्वाला जास्त दिसतील. असं शिखर दर चक्रात येतं.