चार नगरसेवक आणि एक तुटके झाकण

आज सकाळी आमच्या शेजारच्या काकू दूध आणायला बाहेर पडल्या आणि बसथांब्याजवळच्या गटाराच्या तुटलेल्या झाकणात त्यांचा पाय गेला. डाव्या हाताचे मनगट मोडले आहे. दुपारी प्लास्टर घालून त्यांना घरी आणले, तेव्हा ‘जिवावरचे मनगटावर निभावले’ असे म्हणून त्याच आम्हाला हसवत होत्या. मला मात्र हसू आले नाही, कारण ते झाकण तुटल्याचे नवी मुंबईतील आमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना ठाऊक होते. मीच ते लेखी कळवले होते आणि अर्जाच्या प्रतीवर चारही कार्यालयांची पोच माझ्याकडे आहे.

त्या अर्जाची कहाणी सांगतो. आमच्या प्रभागातून अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार नगरसेवक निवडून आले आहेत. आधी मी ‘अ’ जागेवरून निवडून आलेल्या साहेबांकडे गेलो. त्यांच्या संपर्क कार्यालयातील मुलाने पत्ता वाचला आणि अत्यंत नम्रपणे सांगितले, की मेडिकलच्या दुकानापर्यंतचा भाग साहेब पाहतात, पुढचा ‘ब’च्या ताई पाहतात. ताईंकडे गेलो तर बोलले त्यांचे यजमान. त्यांचे म्हणणे असे, की रस्ता आपल्याकडचा असला तरी ते गटार पलीकडच्या सेक्टरचे पाणी आणते, म्हणून तो विषय ‘क’च्या ताईंचा. तिथल्या स्वीय साहाय्यकाने अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारला आणि त्या पदपथाचे काम ‘ड’च्या साहेबांनी सुचवलेले असल्यामुळे झाकणही त्यातच बसेल, असे सांगितले. ‘ड’च्या साहेबांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि विचारले, ‘‘तुम्ही आधी ‘अ’च्या साहेबांना का नाही भेटलात? ते ज्येष्ठ आहेत.’’

कायद्याने हे चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. त्यांनी मात्र भावाभावांनी वडिलोपार्जित शेत वाटून घ्यावे तसा प्रभाग आपसांत वाटून घेतला आहे आणि आमचे झाकण नेमके बांधावर आले आहे. ही वाटणी कुठे लिहिलेली नाही आणि कोणत्याही मतदाराला विचारून झालेली नाही. बसथांब्याच्या कठड्याला चौघांचे छायाचित्र असलेला शुभेच्छांचा फलक अजूनही बांधलेला आहे. त्याची खालची दोरी त्या झाकणाच्या बाहेर आलेल्या सळईला बांधली आहे, म्हणजे फलक लावणाऱ्याला तरी ते झाकण दिसले होते.

आपण नवी मुंबईकरांनी या लोकप्रतिनिधींची किती वाट पाहिली, ते आठवून पाहा. २०१५ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी करोना आला, मग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद आला, मग प्रभागरचनेचे खटले आले, आणि जानेवारी २०२६ पर्यंत आपल्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि नवी निवडणूक ती संपण्यापूर्वी, असे स्वच्छ लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला नसता, तर आपण अजूनही वाटच पाहत बसलो असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या प्रशासकीय काळात एखादे काम घेऊन गेलो, की अभियंता सवयीने म्हणायचा, ‘‘नगरसेवकांचे पत्र आणा.’’ नगरसेवक नाहीत, हे आपण त्याला सांगायचे आणि त्याने खांदे उडवायचे. आता एकाच्या जागी चार नगरसेवक आहेत, आणि त्याच अर्जासाठी विचारणा होते, की पत्र चौघांपैकी कोणाचे आणणार?

२०१५ साली आपल्याकडे १११ प्रभाग होते आणि प्रत्येक प्रभागाचा एक नगरसेवक होता. २०११ च्या जनगणनेतील सुमारे सव्वाअकरा लाख लोकसंख्या धरली, तर साधारण १० हजार माणसांमागे एक प्रतिनिधी. तो चांगला असो वा वाईट, गटार तुंबले की कोणाच्या दारात उभे राहायचे, हे आंधळ्यालाही कळत होते. यावेळी नवी मुंबईत प्रथमच चार सदस्यांची पॅनल पद्धत आली. जागा तेवढ्याच १११, प्रभाग मात्र २८. त्यांतील २७ प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तीन नगरसेवक. म्हणजे चौघे मिळून सरासरी ४० हजार माणसांचे प्रतिनिधित्व करतात. ठाण्यात तर हा प्रयोग २०१७ सालीच झाला होता. तिथल्या मित्रांकडून त्याच्या तक्रारी ऐकताना आपण वाशीत बसून सहानुभूती दाखवत होतो.

आणि वाशीचा पूल ओलांडून मानखुर्दला गेलात, की नियम बदलतो! मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एकच नगरसेवक, कारण मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि आपल्याला १९४९ चा. खाडीच्या त्या बाजूच्या मतदाराला एका माणसाला जाब विचारण्याचा जो हक्क आहे, तो या बाजूला आल्यावर का संपतो, याचे पटेल असे उत्तर मला आजवर कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने दिलेले नाही.

उत्तर नसणारच, कारण या नियमामागे तत्त्व कधी नव्हते. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एक, २०१२ साली दोन, २०१७ साली चार. पुढे सत्ता बदलली तेव्हा पुन्हा एक सदस्य ठरला, त्याच सरकारने २०२१ साली तीन केले आणि २०२२ साली नव्या सरकारने पुन्हा चारवर आणून ठेवले. ज्याला ज्या वेळी जे सोयीचे, ते त्याने केले. यात कोणताही एक पक्ष सोवळा नाही, तेव्हा आपापल्या पक्षाची बाजू घेऊन माझ्याशी भांडायला येऊ नये. गंमत म्हणजे हे नियम करणारा प्रत्येक आमदार स्वतः एकसदस्य मतदारसंघातून निवडून येतो. ऐरोलीला एक आमदार आणि बेलापूरला एक आमदार; तिथे चौघांचे पॅनल करावे, असे कोणाला सुचत नाही.

माझा राग केवळ गटारापुरता नाही. या पद्धतीत मतांचे जे होते, ते त्याहून गंभीर आहे. मतदानाच्या दिवशी आपण अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबली. आमच्या केंद्रावर एक आजोबा दोन बटणे दाबून बाहेर निघाले होते, त्यांना परत बोलावून उरलेली दाबायला लावली. चार जागा म्हणजे एकाच भूभागात, त्याच मतदारांमध्ये घेतलेल्या चार वेगळ्या निवडणुका. प्रत्येक जागेवर ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. आता समजा, एका पक्षामागे प्रभागातील ४० टक्के मतदार आहेत आणि उरलेले ६० टक्के तीन-चार ठिकाणी विभागले आहेत. बहुतेक मतदार पक्ष पाहून चारही बटणे एकसारखी दाबतात, त्यामुळे तो पक्ष चारही जागा घेऊन जातो आणि ६० टक्क्यांच्या वाट्याला भोपळा येतो. छोट्या प्रभागात एखाद्या वसाहतीत, गावठाणात किंवा झोपडपट्टीत ज्याचे काम आहे, असा अपक्ष उमेदवार निदान आपल्या १० हजारांत उभा राहू शकत होता. ४० हजारांच्या प्रभागात घरोघर जाणे त्याच्या पायांना आणि खिशाला झेपणारे नाही.

विरोधी मुद्दे मला ठाऊक आहेत. एकसदस्य प्रभागात नगरसेवक त्या भागाचा सुभेदार होऊन बसायचा, हे मीही पाहिले आहे, आणि सोडतीत जागा राखीव झाली की चांगल्या नगरसेवकालाही दुसऱ्या प्रभागात पळावे लागायचे, हेही खरे. चार जागांच्या प्रभागात महिलांना निम्म्या जागा देणे सोपे जाते, हेही मान्य.

पण त्या जागांवर निवडून आलेल्या बायकांना आपण काय देतो, तेही आज पाहिले. संध्याकाळी ‘ब’च्या ताई काकूंना भेटायला घरी आल्या, यावेळी यजमान सोबत नव्हते. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. काकूंचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, ‘‘काका, तो अर्ज माझ्यापर्यंत आलाच नाही. आणि आला असता तरी, निधी कुठे टाकायचा ते ‘अ’चे साहेब ठरवतात. लोकांनी मते मला दिली की पॅनलला, ते मलाच कळत नाही.’’ दिवसभर मी मनात ज्या चौघांना बोल लावत होतो, त्यांच्यापैकी एकीवरचा राग तिथे जिन्यातच विरला. बलदंड उमेदवाराच्या सावलीत उभे करून निवडून आणलेल्या बाईला, आपल्याला नेमके कोणी निवडले, हे कधीच समजणार नाही अशी सोय आपण करून ठेवली आहे.

जगात बहुसदस्य मतदारसंघ नाहीत असे नाही. आयर्लंडमध्ये संसदेचे मतदारसंघ तीन ते पाच सदस्यांचेच असतात आणि स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक निवडणुका जवळपास सगळीकडे बहुसदस्य प्रभागांतून होतात. मात्र तिथे मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो आणि जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. त्यामुळे ४० टक्क्यांना चारही जागा मिळत नाहीत आणि प्रभागातील वेगळ्या मताच्या माणसालाही आपला असा एक प्रतिनिधी सापडतो. आपण तिथले बहुसदस्य प्रभाग तेवढे घेतले आणि त्यांचे औषध तिथेच ठेवून आलो. आपल्याच लोकसभेत १९५२ आणि १९५७ साली द्विसदस्य मतदारसंघ होते. १९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघातून पराभूत झाले. १९६१ साली संसदेने कायदा करून ते मतदारसंघ बंद केले. जे संसदेने टाकून दिले, ते आपल्या गल्लीत दुप्पट करून आणले आहे.

‘आपल्या लोकांना पसंतीक्रम समजणार नाही,’ हे वाक्य मी लवकरच खाली प्रतिक्रियांत वाचणार आहे, म्हणून आधीच सांगतो. राज्यसभेचे खासदार निवडताना आपले आमदार पसंतीक्रमानेच मत देतात. कोकण पदवीधर मतदारसंघात २०२४ साली तुमच्यापैकी अनेकांनी मतपत्रिकेवर १ आणि २ लिहिले आहे; त्याची छायाचित्रे तुम्हीच टाकली होती, शाई लावलेल्या बोटासकट. पदवी असली की मनुष्याला तीनपर्यंत मोजता येते आणि नसली की येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या काकूंशी भिशीच्या हिशेबावर एकदा बोलून पाहावे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. चार ठिकाणी गेलेल्या माझ्या अर्जाबद्दल ऐकून त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: ‘‘मग चौघांना मिळून एकच पगार द्यायचा ना?’’

मी दोन्ही आमदारांना पत्र लिहीत आहे. त्यात मागण्या दोनच आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एक चालेल: मुंबईप्रमाणे आम्हालाही एका प्रभागाला एक नगरसेवक द्या, किंवा चार द्यायचेच असतील तर पसंतीक्रमाने, मतांच्या प्रमाणात द्या. कायदा बदलणे विधिमंडळाच्या हातात आहे. ते काम आतापासून लावून धरले नाही, तर पुढच्या निवडणुकीआधी प्रभागरचनेचा मसुदा हरकतींसाठी लागेल तेव्हा आपल्याला फक्त सीमा कुठून जावी एवढ्यावरच बोलता येईल, सदस्यसंख्या वर ठरून आलेली असेल. पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्यांना वाचून सही करायची आहे त्यांनी मला संदेश पाठवावा; नुसते अंगठे दाखवू नयेत, आणि पक्षाचे नाव घेऊन तर मुळीच येऊ नये. पुढच्या आठवड्यात दोन्ही पत्रे हातोहात नेऊन देणार आहे.