पुस्तकांचा शेजार : सरत्या वर्षाच्या वाचनाविषयी

वर्ष सरत आले की वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या सगळीकडे दिसू लागतात. त्या मी आवडीने वाचतो, काही नावे टिपूनही ठेवतो. परंतु अशा यादीतून एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे कोणते पुस्तक कोणाच्या मागोमाग वाचले गेले. माझ्या या वर्षाच्या अनुभवावरून मला असे वाटू लागले आहे की, एखादे पुस्तक आपल्यावर काय परिणाम करील हे त्याच्या गुणांइतकेच त्याला लाभलेल्या शेजारावर ठरते. म्हणून वर्षाचा आढावा घेताना संख्या बाजूला ठेवतो आणि कोणत्या पुस्तकाशेजारी कोणते पुस्तक आले व त्यामुळे त्या दोघांचे माझ्या मनात काय झाले, तेवढेच लिहितो.

हा शेजार मी मुद्दाम जुळवला असे म्हणणे खोटे ठरेल. नाशिकमध्ये राहणाऱ्या वाचकाला पुस्तके मिळण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, ज्याला आपण सगळे ‘सावाना’ म्हणतो. दुसरा म्हणजे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून सोसायटीत येणारी ग्रंथपेटी. वाचनालयात माणूस मनाशी काहीतरी ठरवून जातो, तर पेटीतले पुस्तक आपण निवडलेले नसते. ज्याने पेटी भरली त्याची आवड आपल्या वाट्याला येते, आणि शेजारच्या घरातल्या कोणी आधीच चांगले पुस्तक उचललेले असेल तर उरलेल्यांवर भागवावे लागते. या दोन वाटांनी आलेली पुस्तके घरातल्या एकाच टेबलावर येऊन पडली आणि एकमेकांशी बोलू लागली.

सुरुवात झाली ती गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ने. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले, हा वृत्तान्त बहुतेकांना माहीत आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा भाषेवर आणि मजकुरावर आपला हात फिरवला होता. पुढे मूळ हस्तलिखितावर आधारलेला पाठही छापला गेला, आणि ज्यांना हे पुस्तक वाचायचे असेल त्यांनी तो पाठ शोधावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यात भटजी स्नानसंध्येच्या काळजीतून झाशीच्या कत्तलीकडे आणि तिथून पुन्हा दक्षिणेच्या हिशेबाकडे ज्या सहजतेने जातात, ती सहजता वाचताना अंगावर येते. इतिहास घडत असताना माणसाला भूक लागते, तहान लागते, धोतर वाळत घालायचे असते, हे त्यांना लपवावेसे वाटत नाही. शेवटी ते आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी गंगाजलाची कावड खांद्यावरून गावी आणतात. एवढ्या संहारातून गेलेल्या माणसाला आपल्या प्रवासाचे सार्थक त्या कावडीत वाटावे, हे मला आधी अतर्क्य वाटले आणि नंतर अगदी स्वाभाविक.

त्याच्या पाठोपाठ लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतली. पूर्वी तुकड्यातुकड्यांनी वाचली होती. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांमुळे आपल्यापैकी अनेकांना हे पुस्तक वाचल्यासारखे वाटते, तसेच माझेही होते. या वेळी सलग वाचले. आणि पहिल्याच पानांत १८५७ पुन्हा समोर आले. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील त्या धामधुमीत फाशी गेले होते. आपल्या त्र्यंबकच्या बाजूला त्या वर्षी भिल्ल आणि ठाकरांचा उठाव झाला होता, हे नाशिककरांनाही फारसे आठवत नाही. बंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मीरत, कानपूर आणि झाशीच येते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा जो अतिरेक केला, त्याचा उगम त्या या फाशीच्या धक्क्याशी जोडतात. गोडसे भटजींनी बंड रस्त्यावर पाहिले; तेच बंड पुढे एका घराच्या स्वयंपाकघरात शिरून बसले आणि लहान मुलांनी काय शिवावे, काय खावे हे ठरवू लागले, ते लक्ष्मीबाईंनी पाहिले. ही दोन पुस्तके वेगवेगळ्या वर्षी वाचली असती तर हा धागा माझ्या लक्षातही आला नसता.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. लग्नापर्यंत जवळजवळ निरक्षर असलेल्या बाईने म्हातारपणी असे गद्य लिहावे, याबद्दल जे कौतुक आजवर झाले आहे त्यात मला थोडी अढी वाटते. कौतुकाचा सूर असा असतो की, शिक्षण नसूनही त्यांनी इतके चांगले लिहिले. माझे मत असे की, त्यांच्या काळातल्या शिकलेल्या लेखकांच्या पल्लेदार गद्यापुढे त्यांचे गद्य आज अधिक टवटवीत राहिले आहे, कारण त्यांना लिहिताना कोणासारखे व्हायचे नव्हते. नवरा न सांगता निघून जातो, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन टाकतो, १८९५ मध्ये बायकोला मागे ठेवून ख्रिस्ती होतो. इतके सगळे सोसलेली बाई त्याची तक्रार करताना आपल्याला हसवते, आणि हसवत असतानाच त्याच्यावरचे तिचे प्रेमही दिसते. ज्यांना आत्मचरित्र लिहायचे आहे त्यांनी लेखनाच्या कार्यशाळांना जाण्याआधी हे पुस्तक दोनदा वाचावे.

इथपर्यंत सारे सुखाचे चालले होते. पेटीतून बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३चा कथासंग्रह आला आणि ‘स्मृतिचित्रे’चा रंगच बदलला. बागूल आपल्या विहितगावचे; त्यांचा जन्म १९३०चा. शीर्षककथेतला तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, आपली जात न सांगता तिथे राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. स्वतः बागुलांनाही जात लपवून नोकरी करणे असह्य झाले होते. कथा छोटी आहे, पण ती वाचून झाल्यावर मी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची पाने पुन्हा उघडली. काही आठवड्यांपूर्वी ज्या प्रसंगांना मी मनमुराद हसलो होतो, तेच प्रसंग आता मला दाराबाहेरून दिसू लागले. घरात ज्याला आपण वेड म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच्याच उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर ते वळ होऊन उमटते. लक्ष्मीबाईंना हे कळले नव्हते असे मुळीच नाही. उलट, ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या आधीच, जातिभेद हा माणसांनीच उभा केला आहे असा विचार करून त्यांनी सोवळे सोडले होते, आणि तो सगळा प्रवास त्यांनी कमालीच्या प्रामाणिकपणे सांगितला आहे. त्यांचे पुस्तक बागुलांच्या शेजारी उणे पडले नाही, हे नमूद केले पाहिजे. माझे हसणे मात्र तेवढे निर्मळ राहिले नाही.

बागुलांचा जन्म झाला त्याच वर्षी, २ मार्चला, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांनी गावोगावी उभी केलेली माणसे, रामनवमीच्या रथाच्या वेळी झालेली दगडफेक, वर्षानुवर्षे न उघडलेले दार आणि अखेरीस १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात झालेली धर्मांतराची घोषणा, हा सगळा इतिहास आपल्या जिल्ह्यात घडला. पंचवटीतून जाताना आपण त्या दरवाजावरून किती निवांतपणे पुढे जातो!

याच सत्याग्रहात वीस वर्षांचे विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, १९३२ मध्ये सामील झाले होते, ही गोष्ट आठवली आणि ‘विशाखा’ काढली. १९४२ साली वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेला हा संग्रह नाशिककराला निम्मा पाठ असतो, आणि त्यामुळेच तो फारसा वाचला जात नाही. सत्काराच्या भाषणांत, शाळांच्या भिंतींवर आणि दर २७ फेब्रुवारीला त्यातल्या ओळी इतक्या वेळा कानांवर पडतात की, त्या ओळींना अर्थ असतो हेच विसरायला होते. मी पहिल्या पानापासून क्रमाने वाचत गेलो, आणि खरे सांगायचे तर काळारामच्या पायऱ्यांचा माग काढत वाचत गेलो. ‘आगगाडी व जमीन’ या कवितेपाशी थांबलो. पायाखालची जमीन धावत्या गाडीची विनवणी करते, गाडी उन्मादात तिला तुडवत जाते आणि शेवटी जमीन उठते, गाडी कोसळते. बागुलांची रेल्वे नुकतीच वाचून झाली होती. एका पुस्तकात आगगाडी सत्तेचे प्रतीक आहे आणि तिला मातीचा उद्रेक उलथवतो. दुसऱ्या पुस्तकात त्याच रेल्वेत पगारावर काम करणारा एक माणूस आहे, तिथे काही उलथत नाही आणि त्याला मार खाऊन निघून जावे लागते.

या दोघांतला श्रेष्ठ कोण, असा निवाडा करण्याची मला हौस नाही. तरीही एक मत नोंदवतो. कुसुमाग्रजांच्या प्रतीकांची उंची मोठी आहे आणि त्या उंचीमुळेच त्यांची कविता कोणत्याही चळवळीच्या तोंडी बसते. पण त्याच उंचीमुळे ज्यांच्याविरुद्ध ती लिहिली गेली त्यांनाही ती टाळ्या वाजवून म्हणता येते. बागुलांच्या कथेला व्यासपीठावर टाळ्या वाजवणे अवघड आहे. मला वाटते, आपल्या शहराने एका लेखकाला जेवढे डोक्यावर घेतले तेवढे दुसऱ्याला घेतले नाही, याचे एक कारण यातही असावे. कुसुमाग्रजांवरचे माझे प्रेम यामुळे यत्किंचितही कमी झालेले नाही. किंबहुना विशीतल्या त्या मुलाविषयीचा आदर वाढला, कारण त्या काळच्या नाशिकमध्ये ब्राह्मण घरातल्या तरुणाने त्या सत्याग्रहात उभे राहणे सोपे नव्हते.

शेजाराचा तोटाही होतो, हे जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राच्या बाबतीत दिसले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांतून जाणारी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही आत्मकथा. आपल्याकडे २०२१ मध्ये झालेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हापासून ती वाचायची राहिली होती. बागुलांनंतर लगेच ती उघडली आणि सगळे फार नीटनेटके, फार आवाक्यातले वाटू लागले. हा दोष पुस्तकाचा नव्हता. संथपणे, नोंदींच्या शिस्तीत सांगितलेले एका वैज्ञानिकाचे आयुष्य कढत मजकुरानंतर वाचू नये, एवढेच. काही काळ ते बाजूला ठेवून त्यांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथांनंतर पुन्हा घेतले, तेव्हा केंब्रिजची प्रकरणे रस घेऊन वाचता आली.

वर्षभर पुरलेले एकच पुस्तक म्हणजे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. ते सलग वाचायचे नाही, ज्या महिन्याचे प्रकरण त्या महिन्यातच वाचायचे, असे ठरवले होते आणि बहुतेक पाळले. चैत्राचे प्रकरण वाचून बाहेर पाहावे तर पालवी खरोखरच फुटलेली असते, हा अनुभव कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचा आहे. श्रावणात मात्र गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले याच्या बातम्या घरोघरी सुरू झाल्या आणि प्रकरण भाद्रपदावर ढकलले गेले. (नाशिककरांचे खरे ऋतुमापक तो मारुतीच आहे, हे दुर्गाबाईंनाही मान्य झाले असते.) बाकीची पुस्तके माणसांनी माणसांना काय केले ते सांगत असताना हे एक पुस्तक झाडे, पक्षी, ढग यांच्याकडे पाहायला लावत होते, आणि त्यामुळेच ती बाकीची पुस्तके सोसली.

पेटीतून यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी काही अनुवादित पुस्तकेही आली. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एक वाचले की उरलेली वाचल्यासारखीच होतात.

आता टेबलावर जागा रिकामी आहे आणि तिथे काय ठेवायचे हे मला स्पष्ट दिसते आहे. १९३० ते १९३५ या काळातल्या नाशिकविषयी, विशेषतः दादासाहेब गायकवाडांविषयी, मला वाचायचे आहे. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांपासून सुरुवात करणार आहे. पण पत्रांत नेत्यांचा आवाज येतो. सत्याग्रहासाठी खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या साध्या माणसांच्या, त्यातही बायकांच्या, आठवणी कोणी नोंदवल्या असतील तर त्या मला हव्या आहेत. एखादी जुनी पुस्तिका, स्मरणिका, एखाद्या नियतकालिकाचा विशेषांक, काहीही चालेल. जिल्ह्यातल्या कोणत्या वाचनालयात असे काही आहे हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी कृपया खाली लिहावे.