तेल वाटून घेतलं म्हणजे बेट गेलं का?

२०२४ च्या अखेरीस थायलंडमध्ये एक दावा सोशल मीडियावर जोरात फिरत होता. थायलंडच्या आखातातलं तेल आणि वायू वाटून घेण्यासाठी २००१ साली कंबोडियाशी जो सामंजस्य करार झाला, त्याने को कूट हे बेट कंबोडियाच्या घशात घातलं. करार फाडा, म्हणजे बेटही वाचेल आणि सगळा वायूही आपलाच राहील, असा तो दावा. आपल्याकडेही समुद्री हद्दीचा विषय निघाला की असलं काहीबाही लगेच पसरतं, म्हणून हे प्रकरण नीट पाहायला हवं.

आधी बेट. को कूटचा निकाल १९०७ मध्येच लागला आहे. त्या वर्षी फ्रान्स (कंबोडियावर तेव्हा त्याचीच सत्ता होती) आणि सयाम, म्हणजे आजचं थायलंड, यांच्यात तह झाला. सयामने बट्टंबांग, सिएम रीप आणि सिसोफोन हे आज कंबोडियात असलेले मुलूख सोडले. बदल्यात त्राट हा मुलूख, तसंच लेम लिंग भूशिराच्या दक्षिणेची बेटं 'को कूटपर्यंत आणि को कूटसह' सयामला मिळाली. हे शब्द तहातलेच आहेत. मग घोळ कुठे झाला? जमिनीवरची सीमा किनाऱ्यावर नेमकी कुठून सुरू होते हे सांगताना त्याच तहाच्या कागदपत्रांत को कूटच्या सर्वात उंच शिखरासमोरची जागा खूण म्हणून दिली होती. किनाऱ्यावर उभं राहून समोर दिसणारी खूण, एवढाच तिचा उपयोग. १९७२ मध्ये कंबोडियाने समुद्रावर दावा सांगताना ती खूण धरून रेषा थेट समुद्रात पश्चिमेकडे ओढली. ती रेषा कायद्यात टिकणं अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती करारापेक्षा २९ वर्षं जुनी आहे, हे विसरून कसं चालेल?

'करारावर सही केली म्हणजे ती रेषा मान्य केली', हा पुढचा आरोप. कराराचं पाचवं कलम वाचलं तरी तो गळून पडतो: हद्द पक्की होऊन अमलात येईपर्यंत या करारामुळे कोणाच्याही सागरी दाव्याला बाधा येणार नाही. शिवाय सुमारे २६,००० चौरस किलोमीटरच्या वादग्रस्त पट्ट्याचे कराराने दोन भाग केले. ११ अंश उत्तर अक्षांशाच्या वर हद्द आखायची, खाली संयुक्त उत्खनन करायचं, आणि दोन्ही कामं एकत्रच, एक सोडून दुसरं नाही. वायू काढून घ्यायचा आणि हद्द लोंबकळत ठेवायची, याला त्यात वावच ठेवलेला नाही.

करार फाडल्याने काय मिळेल? कंबोडियाचा १९७२ चा दावा आणि थायलंडचा १९७३ चा दावा, दोन्ही जागच्या जागी राहतील. या पट्ट्यात दोन्ही देशांनी पूर्वीच कंपन्यांना परवाने देऊन ठेवले आहेत, पण काम ठप्प आहे. मालकी कोणाची हेच ठरलेलं नसताना विहिरी खोदायला पैसा कोण ओतणार? आणि वायूची गरज तर आहेच: थायलंडची निम्म्याहून जास्त वीज नैसर्गिक वायूवर बनते आणि परदेशातून द्रवरूप वायू आणावा लागतो.

'वाटणी म्हणजे शरणागती' म्हणणाऱ्यांनी तर थायलंडच्याच दक्षिणेकडे पाहावं. को लोसिन या इवल्याशा खडकावरून मलेशियाशी वाद होता: हद्द मोजताना तो धरायचा की सोडायचा? १९७९ मध्ये दोघांनी सुमारे ७,२५० चौरस किलोमीटरचं संयुक्त क्षेत्र ठरवलं. खर्च आणि उत्पन्न निम्मं-निम्मं. गुन्हा घडला तर कोणत्या देशाचा कायदा लागू व्हायचा यासाठी त्यात एक रेषाही आखली, आणि तिला हद्द समजू नये असं तिथेच लिहून ठेवलं. २००५ पासून तिथून वायू येतो आहे. को लोसिन आजही थायलंडचाच आहे.

हा मार्ग सोपा होता असं मी म्हणत नाही. सही ते पहिला वायू यात २६ वर्षं गेली. तो वायू जिथे किनाऱ्याला लागतो त्या सोंगखला प्रांतातल्या चना भागातल्या गावकऱ्यांनी वायूवाहिनीला आणि वायू प्रकल्पाला कडाडून विरोध केला. २००२ मध्ये हाट याईला पोलिसांनी त्यांच्यावर बळ वापरलं. कंबोडियाबरोबर वाटा किती, वाहिनी कोणाच्या किनाऱ्याला लागणार, तिथल्या मच्छीमारांना कोण विचारणार, हे प्रश्न खरे आहेत आणि ते सरकारला विचारायलाच हवेत. को कूटच्या आरडाओरड्यात नेमके तेच मागे पडले.