खुलासा : ‘नांगर जितका जड, तितकी होडी पक्की’ हे अर्धसत्य

छोट्या शिडाच्या होडीसाठी सर्वांत जड नांगर घ्या, तो वजनानेच होडी धरतो, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो बरोबर नाही. नांगर होडी धरतो तो तळात रुतून. शेतातला नांगर जमिनीत रुततो, तसाच. भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३मध्ये फाळाच्या आकाराचा ‘सीक्यूआर’ नांगर केला, तो हलक्या वजनात जास्त पकड मिळावी म्हणूनच. अॅल्युमिनियमचे रुंद पात्यांचे नांगरही वाळूत, चिखलात उत्तम धरतात. खडकावर किंवा दाट पाणवनस्पतींत मात्र त्यांचा भरवसा नको. तिथे वजनाचा उपयोग होतो, एवढं मान्य.

खरी चूक बहुधा दोराच्या लांबीत असते. ओढ आडवी हवी. वर खेचलं की नांगर उपटतो. पाणी ४ मीटर, डेक पाण्यापासून १ मीटर उंच, म्हणजे ५ मीटर. थोडी साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर असेल तर याच्या सातपट, ३५ मीटर सोडा. भरतीने पाणी चढणार असेल तर तेही आधीच धरा.

‘पुढच्या रोलरवर (होडीच्या टोकाच्या, दोर सरकवणाऱ्या चाकावर) नांगर ठेवला की झालं’ हेही अपुरं. लाटांत तो सुटू नये म्हणून खीळ हवी. आणि दोराचा जोर रोलरवर नको, डेकवरच्या खुंट्यावर यावा. त्या खुंट्याखाली आतून जाड पट्टी बसवलेली असावी.